हतशेपसूत उठेना

चंदर धुरीला त्याचं राणीपद गेल्याचं पार्किंगमध्ये सांगण्यात आलं. बैठक वर सोसायटीच्या ऑफिसात होती, पण असल्या गोष्टी चारचौघांत सांगू नयेत एवढी समज राजेश पाताडेला होती. त्याने चंदरला दोन स्कूटरांच्या मधे घेतलं आणि म्हणाला, "चंदरदा, यंदा राणी तूच. पुढच्या वर्षापासून निमेश."

निमेश म्हणजे राजेशचाच मुलगा.

"त्याच्या मिशीचा काय?" चंदरने विचारलं.

"काढेल."

"आणि आवाजाचा?"

"आवाजाचं सोड. गेल्या वर्षी तुझी द्रौपदी खाली बसली ती उठली का? भीमाने एका बाजूने धरली, अर्जुनाने दुसऱ्या. दुःशासन पदर सोडून पाणी आणायला गेला. लोक अजून मला विचारतात, हा प्रसंग कुठल्या पुराणात आहे."

चंदर जिना चढला. तोही कठड्याला धरून चढला, आणि मागून येणाऱ्या राजेशने ते पाहिलं.

जोगेश्वरीच्या सातेरी हौशी दशावतार मंडळात चंदर तीसेक वर्षं स्त्रीपार्टी होता. दशावतारात बायकांची कामं पुरुष करतात, आणि चंदरच्या राणीला तोड नव्हती. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला असताना तो शिफ्ट सुटली की थेट रंगपटात जायचा आणि तासाभरात तारामती होऊन बाहेर यायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याला मिशी नव्हती, कारण पुढच्याच आठवड्यात मंदोदरी होती. मंडळाची सूत्रं मात्र पाताड्यांच्या घरात. आधी राजेशचा आजा, मग बाप, मग राजेश. पेटीवर पाताडे बसायचा, आणि पेटीवर बसेल तो सांगेल कोण राजा नि कोण राक्षस. निवडणूक कधी झाली नाही, कोणी मागितलीही नाही.

वर ऑफिसात चहा फिरत होता आणि देवव्रत तावडे बोलत होता. देवव्रत गाववालाच. अंधेरीत त्याची ट्रॅव्हल कंपनी आहे. ज्येष्ठ नागरिकांना चारधाम आणि युरोप दाखवून झाल्यावर यंदा त्याने इजिप्तची सहल काढली होती. वार्षिक प्रयोगाचा खर्च त्याने उचलायचा आणि मंडळाने प्रेक्षकांच्या मनात इजिप्तची ओढ लावून द्यायची, असं ठरलं होतं. बोरिवलीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी दशावतार बघायला येणारी माणसं निवृत्त असतात आणि त्यांची मुलं कमावती असतात, हे त्याने बरोबर हेरलं होतं.

"तिथली सगळी राजघराणी येऊ देत," देवव्रत म्हणाला. "लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं पाहिजे."

"किती आहेत?" राजेशने विचारलं.

देवव्रतने पुतणीकडे पाहिलं. हेमांगी कॉलेजात इतिहास शिकवते. काकाने तिला 'जरा चुका काढायला' म्हणून आणलं होतं.

"तीस," हेमांगी म्हणाली. "कोणी एकतीस धरतात. साधारण तीन हजार वर्षं."

"सुरुवातीचे गणपती नि संकासुर, मधली चहाची सुट्टी धरून आपल्याकडे दुपार आहे," राजेश म्हणाला. "एक घराणं सांग. बाकीची त्यांनी तिकडे जाऊन बघावीत."

हेमांगीने अठरावं घराणं सुचवलं. राजा वारला. मागे मुलगा राहिला, पण लहान, आणि तोही धाकट्या बायकोचा. पट्टराणीने कारभार हातात घेतला. हतशेपसूत तिचं नाव. ती राजाची सावत्र बहीणही होती, तिकडे राजघराण्यात तशी लग्नं व्हायची. काही वर्षं तिने मुलाच्या वतीने राज्य केलं, मग स्वतःच राजा म्हणून मुकुट घातला.

"म्हणजे सावत्र आई," राजेश म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. सावत्र आई म्हटली की दशावतारी माणसाला पुढचं आख्यान आपोआप दिसतं. जेवणात विष, मुलाला अरण्यात धाडणं, राक्षसाशी युद्ध, शेवटी गादी. "विष कधी देते?"

"देतच नाही. वीस-बावीस वर्षं चांगलं राज्य केलं तिने. युद्धं फारशी नाहीत. देवळं बांधली, पुंट नावाच्या देशात जहाजं पाठवली. तिथून धुपाची झाडं आणली, मुळांसकट, टोपल्यांत घालून."

"मुळांसकट?" चंदर. बैठकीत तो पहिल्यांदाच बोलत होता.

"हो काका. भिंतीवर चित्रं आहेत त्याची."

"जगली?"

हेमांगीने त्याच्याकडे नीट पाहिलं. कॉलेजात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "ते खात्रीने नाही सांगता येत."

चंदरने मान हलवली. गावाहून हापूसची कलमं एसटीच्या टपावर टाकून मुंबईला आणायचा प्रयत्न त्याने दोनदा केला होता. त्या राणीबद्दल त्याला जो आपलेपणा वाटायला लागला, तो इथून.

"आणि ती दाढी लावायची," हेमांगी म्हणाली.

सगळ्यांनी चंदरच्या हनवटीकडे पाहिलं.

"राजाने खोटी दाढी लावायची रीत होती तिकडे. म्हणून तिनेही लावली. पुतळ्यांत दिसते."

पखवाजवाल्या श्यामकांतने कप खाली ठेवला. "म्हणजे पुरुषान बाई व्हायचा, त्या बाईन राजा व्हायचा, आणि राजान दाढी लावायची. मगे चंदरदाक तसोच पाठवया की. एवढो वळसो घालून माणूस परत थंयच इलो."

हसणं संपल्यावर राजेशने शेवट विचारला.

"शेवट कोणाला माहीत नाही," हेमांगी म्हणाली. "एका ठरावीक वर्षापुढे तिचं नाव येईनासं होतं. वारली असणार. मग मुलगा राजा झाला, मोठा पराक्रमी निघाला. मेगिद्दोची लढाई जिंकली. आणि म्हातारपणी त्याने तिचं नाव देवळांच्या भिंतींवरून छिन्नीने काढून टाकायला लावलं."

"कित्याक?" चंदरने विचारलं.

"वाद आहेत त्यावर. स्वतःच्या मुलाचा वारसा सरळ दिसावा, मधे ही बाई नको, असं एक मत आहे."

चंदरने राजेशकडे पाहिलं. राजेश मोबाइलमध्ये पाहत होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "निमेश युवराज. तो राज्य मागेल, चंदरदा देईल, मग लढाई. बाकी शेवट रंगमंचावर बघू."

दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. गोष्ट कुठून कुठे जायची तेवढं आधी ठरतं, बाकी संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. पात्रं एकमेकांशी वाद घालतात आणि जीभ चालेल त्याला टाळी मिळते. 'शेवट रंगमंचावर बघू' हे वाक्य मंडळात दर वर्षी बोललं जायचं आणि दर वर्षी निभावून जायचं, कारण पुराण सगळ्यांना पाठ असतं. आपण मरणार हे रावणालाही माहीत असतं, तो फक्त उशीर करतो. इथे मागे पुराण नव्हतं. राणी कशी गेली हे इतिहासालाच ठाऊक नव्हतं, तर ते चंदर धुरीला कुठून असणार? ही चूक त्या खोलीत कोणाच्या ध्यानात आली नाही.

प्रयोगाच्या दिवशी हॉलच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. मधोमध देवव्रत, डोक्यावर फॅरोचा पट्ट्यापट्ट्यांचा टोप, हात जोडलेले. त्याच्या डाव्या अंगाला पेटीवर राजेश, उजवीकडे भाला घेतलेला निमेश. मागे पिरॅमिड. पुढे उंट. खाली नावं: निवेदन, संगीत, पखवाज, रंगभूषा, ध्वनी, अगदी चहा-वडे व्यवस्थेपर्यंत. चंदरने ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. त्याचं नाव नव्हतं.

"जागाच उरली नाय, चंदरदा," श्यामकांत मागून म्हणाला. तो पखवाज खांद्यावर घेऊन आत चालला होता. "उंट मोठो झालो."

रंगपटात चंदरची बायको प्रेमा बांगड्यांचा डबा घेऊन बसली होती. बांगड्या आता साबण लावल्याशिवाय चढत नव्हत्या. नऊवारी नेसून, नथ घालून, मुकुट चढवून चंदर आरशासमोर बसला आणि राजेशने दाढी आणून दिली. विश्वामित्राची जुनी दाढी कापून तिची एक लांब, कडक वेणी घातलेली होती.

"तीस वर्षां मिशी ठेवूक नाय," प्रेमा म्हणाली, "आणि आता एकदम दाढी?"

"राजा आसंय मी."

"घरात कधी वाटला नाय ता."

कोपऱ्यात निमेश कानात इअरफोन घालून डोळे मिटून पुटपुटत होता. गोरेगावच्या मॉलमध्ये तो मोबाइलच्या दुकानात सेल्सला होता. बोलायला तिथे पटाईत, पण रंगमंचाची त्याला धास्ती होती. म्हणून त्याने हेमांगीकडून सगळी भाषणं लिहून घेतली होती आणि स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून महिनाभर ऐकली होती. इजिप्तचे राजपुत्र दाढीमिशी काढत असत असं हेमांगीने सांगितल्यामुळे मिशीही आजच काढली होती. ओठावरचा पट्टा बाकी चेहऱ्यापेक्षा गोरा दिसत होता.

"काका," त्याने एक इअरफोन काढला. "तुम्ही 'घे बाळा हे राज्य' म्हणालात की माझं मोठं भाषण चालू होतं. तुम्ही फक्त तेवढंच बोला, प्लीज. मधे काही टाकू नका."

"नाय टाकणार," चंदर म्हणाला. तेव्हा तरी त्याच्या मनात तसंच होतं.

आधी गणपती आला. गणपतीशिवाय पडदा उघडत नाही, मग आख्यान मिसरचं असो नाहीतर मसुऱ्याचं. मग राजेशने पेटीवर सूर धरला आणि हतशेपसूत आली.

दाढी बघून हॉल हसला. चंदर बाकड्यावर बसला. दशावतारात राजवाडा, अरण्य आणि स्वर्ग या तिन्हींना मिळून एकच बाकडं असतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो हसणाऱ्यांकडे बघत राहिला. नापसंतीने नाही, घाईने नाही. मुलं दमून झोपेपर्यंत आई बघत बसते तसा. हळूहळू हॉल शांत झाला.

मग पुंटची जहाजं आली. म्हणजे चंदरने ती बसल्या जागी बोलून आणली. वल्ही, वारा, किनाऱ्यावरची माणसं, आणि ती झाडं. "मुळाला माती राहू द्या," राणीने खलाशांना बजावलं. "पाणी रोज, पण ओंजळभर. वारा लागेल तिथे ठेवू नका, खलाशी बसेल तिथे तर मुळीच ठेवू नका. आणि बंदरावर उतरलात की पहिलं झाड उतरवा, सोनं मागून." पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना हलायला लागल्या. त्यांनीही कलमं आणली होती आणि त्यांचीही मेली होती. देवव्रतने मागे वळून प्रेक्षकांचे चेहरे पाहिले आणि मनातल्या मनात बसमधल्या सीटा भरल्या.

आणि युवराज आला.

निमेश भाला टेकून उभा राहिला. "मातोश्री, मी आता मोठा झालो. माझं राज्य मला द्या."

इथे चंदरने म्हणायचं होतं, घे बाळा. तो तोंड उघडणार तेवढ्यात त्याची नजर हॉलच्या मागच्या भिंतीवर गेली. फाटकावरच्या फ्लेक्सची एक धाकटी प्रत तिथेही लावली होती. उंट इतक्या लांबूनही स्वच्छ दिसत होता.

"राज्य मागतोस," राणी म्हणाली. "कोणाचं रे?"

निमेशने दोनदा पापण्या मिटल्या. "माझ्या वडिलांचं."

"त्यांना कोणी दिलं?"

"त्यांच्या वडिलांनी."

"ते माझेही वडील. मी राजाची मुलगी, राजाची बहीण आणि राजाची पट्टराणी. तू कोण?"

"राजाचा मुलगा."

"कुठल्या राणीचा?"

"हे बरोबर आहे," पुढच्या रांगेत हेमांगी काकाला म्हणाली. "अगदी बरोबर बोलतायत ते." देवव्रतला बरोबर-चुकीशी कर्तव्य नव्हतं. टाळ्या पडतायत एवढं त्याला पुरे होतं.

टाळ्या पडत होत्या. निमेशने त्या संपायची वाट पाहिली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून सरळ मोठं भाषण सुरू केलं. "हे सूर्यदेवा रा, तू साक्ष आहेस..."

"सूर्यदेव कामात आहेत," राणी म्हणाली. "माझ्याशी बोल."

हॉल हसून कोसळला. पेटीवर राजेशने चंदरकडे बघून भुवया उंचावल्या, मग डोळे मोठे केले, मग राणीच्या निर्गमनाची चाल वाजवायला घेतली. श्यामकांतला पेटीच्या मागे जावंच लागलं. दोघांनी ती दणक्यात वाजवली. चंदरने शेवटच्या थापेपर्यंत ऐकून घेतली.

"वाद्यं गोड वाजली," तो म्हणाला. "हां, युवराज. आपण कुठे होतो?"

विंगेत मेगिद्दोचे चार वीर तलवारी घेऊन ताटकळत होते. त्यांतल्या एकाने ढाल खाली ठेवून वडा खायला घेतला. हॉलच्या दारात व्यवस्थापक येऊन उभा राहिला, कारण संध्याकाळी तिथे रिसेप्शन होतं आणि फुलांची कमान घेऊन डेकोरेटरची माणसं बाहेर खोळंबली होती. त्याने राजेशला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. राजेशने त्याला रंगमंच दाखवला.

बाकड्यावर राणी बसून होती. झाडांना पाणी कोण घालतं, तिने विचारलं. जहाजावर कधी चढलास का? लढाईत जायचं तर पाठीमागे पीठ कोण दळणार? प्रत्येक प्रश्नाला निमेश भाला या हातातून त्या हातात घेत होता. सुरुवातीला लोक राणीला हसत होते. आता ते मुलाला हसायला लागले होते, आणि या दोन हसण्यांतला फरक तीस वर्षं रंगमंचावर उभ्या राहिलेल्या माणसाला डोळे मिटूनही कळतो.

"राजेश," मागून कोणी ओरडलं, "पोराक घरी घेवन जा."

निमेश बाकड्याच्या जवळ सरकला. ओठ न हलवता म्हणाला, "काका, यार. हे सगळं सिलॅबसच्या बाहेरचं आहे."

त्याच्या त्या गोऱ्या पट्ट्यावर घाम आला होता. चंदरला तो पट्टा ओळखीचा होता. पहिली मिशी काढली तेव्हा कंपनीतल्या कॅन्टीनमध्ये तो महिनाभर तोंडावर हात ठेवून जेवला होता.

चंदरच्या जिभेवर पुढचा प्रश्न तयार होता. तो विचारला असता तर मुलगा आत पळाला असता आणि पुन्हा कधी बाहेर आला नसता. राजेशला दुसरा मुलगा नव्हता. पुढच्या वर्षी राणी चंदर, त्याच्या पुढच्या वर्षी चंदर, चौघांनी उचलून बाकड्यावर ठेवावं लागलं तरी चंदर. एक वाक्य पुरे होतं. त्याने पदर सारखा केला, नथ सारखी केली, आणि ते वाक्य थोडा वेळ तोंडात घोळवलं. फार चांगलं वाक्य होतं ते. पुढे कित्येक दिवस त्याला त्याची हळहळ वाटत राहिली.

"दुकानात गिऱ्हाईक जुनो फोन सोडीत नाय," तो हळूच म्हणाला, "तेव्हा काय करतंस?"

निमेशने त्याच्याकडे पाहिलं.

"ता कर. मी गिऱ्हाईक."

मग निमेशने भाला बाकड्याला टेकवून ठेवला, दोन्ही हात पुढे जुळवले आणि कमरेत किंचित वाकला. खांदे खाली आले. आवाज पार बदलला.

"बसा ना मॅडम."

"बसलेलीच आहे मी," राणी म्हणाली.

"हे सिंहासन किती वर्षं वापरताय?"

"वीस-बावीस."

"काही तक्रार?"

"तशी नाही. बसलं की उठवत नाही, एवढंच."

ज्यांनी गेल्या वर्षीची द्रौपदी पाहिली होती ते सगळ्यात आधी हसले. बाकीचे त्यांना बघून हसले.

"जुन्या मॉडेलचा तो प्रॉब्लेमच आहे, मॅडम," निमेश गंभीरपणे म्हणाला. "मी नवीन घ्या म्हणतच नाहीये. तुमचा पीस चांगला आहे, असा आता बनत नाही. पण आज ह्याला भाव आहे. उद्या बंद पडलं की कोणी हात लावणार नाही. आज एक्स्चेंजमध्ये काढलंत तर बदल्यात चांगलं मिळेल."

"काय मिळेल?"

निमेश थांबला. आजच्या दिवसातला हा त्याचा पहिला विराम, जो पाठ केलेला नव्हता.

"नाव," तो म्हणाला. "देवळावर, भिंतीवर, जिथे जिथे तुमचं नाव आहे तिथे राहील. जिथे नाही तिथे घालू. मी छिन्नी लावू देणार नाही."

हेमांगीने कपाळाला हात लावला. इतिहास नेमका उलटा होता.

"आणि बाप म्हणाला, जागा उरली नाही, तर?" राणीने विचारलं.

पेटीचा भाता मधेच थांबला. पण मुलाने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तर उंट काढून टाकू," तो म्हणाला.

फाटकातून आत येताना तो उंट प्रत्येकाने पाहिला होता. माणसं आधी मागच्या भिंतीकडे वळली आणि मग जे हसणं उठलं ते दारातल्या व्यवस्थापकापर्यंत गेलं. श्यामकांतने कोणी न सांगता पखवाजावर एक थाप मारली. चंदरने उत्तर शोधलं. त्याला सापडलं नाही. रंगमंचावर उत्तर न सापडण्याची त्याची ही पहिलीच वेळ, आणि विश्वामित्राच्या दाढीमागे आपण हसतोय हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

त्याने हात पुढे केला. "उठव."

निमेशने त्याला दोन्ही हातांनी उठवलं. गुडघ्यांचा आवाज पहिल्या तीन रांगांना ऐकू गेला.

"घे बाळा हे राज्य," हतशेपसूत म्हणाली, आणि कोणाला न धरता आत गेली.

मेगिद्दोची लढाई पखवाजाच्या दोन आवर्तनांत आटपली. वीरांपैकी दोघं त्यानंतर राजेशशी बोलेनात. देवव्रतला मात्र चार आजोबांनी गाठलं. त्यांना पिरॅमिड नको होते, पुंट हवं होतं.

"पुंट नक्की कुठे होतं ते अजून कोणाला ठाऊक नाही," हेमांगी म्हणाली.

"ऑप्शनल टूरमध्ये घालतो," देवव्रत म्हणाला.

रंगपटात राजेश आला तो ओरडायलाच. ठरलेलं सोडून बोलायचं नाही, हॉलवाला दंड मागतोय, पोराची सगळ्यांसमोर शोभा केलीस. बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. बाहेर लोक काय म्हणतायत ते त्यानेही ऐकलं होतं. तो स्टुलावर बसला.

"चंदरदा, पुढच्या वर्षीही तूच राहा राणी. मी बोललो ते सोडून दे."

चंदर दाढी सोडवत होता. त्याचा हात थांबला. महिनाभर त्याला हेच ऐकायचं होतं. काय उत्तर द्यायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं: आधी नाही म्हणायचं, मग राजेशला दोनदा विचारायला लावायचं.

"नाही हां, पप्पा," निमेश आरशातून म्हणाला. "एक्स्चेंज झालेला माल परत देत नाही आम्ही."

"तू गप."

"गप काय? काकांनी सगळ्यांसमोर दिलंय. तुम्ही पेटीवर होतात."

"व्हा राणी," प्रेमा बांगड्या डब्यात भरत म्हणाली. "पण मगे गुडघ्याक तेल लावूक माका हाक मारू नका."

चंदरने आरशात पाहिलं. आरशात एक बाई होती, एका गालाला दाढी लोंबत असलेली. मग त्याने उरलेली दाढी ओढून काढली, त्याबरोबर थोडी कातडीही आली, आणि तो म्हणाला, "दिला ता दिला. रंगमंचावर दिलेला परत घेवचा नसता." आणि लगेच, राजेशला काही बोलायची सवड न देता, "पण ह्याका काष्टो नेसवतलो कोण? निमेश, हय ये. उभो ऱ्हव."

निमेश उभा राहिला. चंदरने कमरेचा शेला सोडून त्याच्याभोवती गुंडाळला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"बाई अशी उभी ऱ्हवता? ही मॉलात सिक्युरिटीक उभी आसा. वजन एका पायावर. खांदो पाड. पडूक देव नको, पाड."

दारावर थाप पडली. व्यवस्थापक म्हणाला, नवरदेवाला कपडे बदलायला खोली हवी आहे. राजेशने त्याला दोन मिनिटं सांगितली.

"काका," निमेश एका पायावर वजन टाकत म्हणाला, "मी राणी झालो तर तुम्ही कोण?"

"तुझ्यासमोर कोणतरी लागतलो ना. राजा, राक्षस, जो सुचात तो. प्रश्न इचारूक."

"कसले प्रश्न? थोडे आत्ताच सांगून ठेवा ना."

"हनवटी वर," चंदर म्हणाला.